जमिनीचा व्यवसाय आणि घरच्या नावाची पत

(पुण्या-मुंबईहून नाशिकला परतून मालमत्तेच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणांच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आपणांपैकी बहुतेकांनी आठ-दहा वर्षे हिंजवडीत, ठाण्यात किंवा बंगळुरूत काढली आहेत. कोणी २०२० मध्ये करोनाच्या काळात लॅपटॉप घेऊन घरी आला आणि परत गेलाच नाही. कोणाच्या वडिलांचे गुडघे गेले, कोणाच्या आईला एकटे ठेवणे अशक्य झाले, कोणाला महानगराचाच वीट आला. कारणे वेगवेगळी असली तरी पुढचा प्रश्न एकच असतो : नाशिकला राहायचे तर करायचे काय? अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माहिती-तंत्रज्ञानासाठी उभारलेली इमारत वर्षानुवर्षे रिकामी राहिली, हे आपण साऱ्यांनी पाहिले आहे. तेव्हा दृष्टी जमिनीकडे वळते. यात नवल नाही. भांडवल थोडे लागते, दुकान लागत नाही, ओळखी घरच्याच असतात, असा एक समज त्यामागे आहे. त्यातील शेवटच्या भागाविषयी मला आज मुख्यतः बोलायचे आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्यात विकत घेतली ती एक सदनिका, तीही कर्जाने. तथापि तीस वर्षे या शहराच्या वार्ता लिहिताना महापालिकेची महासभा, तलाठ्याचे दप्तर आणि न्यायालयाचा व्हरांडा या तीन ठिकाणी माझा पुष्कळ वेळ गेला. तिन्हीकडे बहुतेक वेळा चर्चा जमिनीचीच असे.

या शहराची वाढ कशी झाली, ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. नाशिक रोडचा मुद्रणालयाचा कारखाना १९२०च्या दशकातला. ओझरला विमानांचा कारखाना १९६४ मध्ये आला, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती झाल्या आणि कामगारांच्या घरांसाठी १९७०च्या दशकात सिडको आली. नाशिक, नाशिक रोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची खेडी एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका अस्तित्वात आली, तेव्हा सुमारे २५९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र एका रात्रीत ‘शहर’ झाले. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग द्राक्षबागा, भाजीपाला आणि मळे असाच होता. मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी, आडगाव ही गावे होती. आज ते पत्ते आहेत. आपले आजोबा ज्याला मळा म्हणत, त्याला आपण लोकेशन म्हणतो. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली. त्यातील पुष्कळ कुटुंबांनी घर घेतले ते राहण्यासाठी, भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून, निवृत्तीच्या आधी किंवा नंतर. भाव वाढेल म्हणून चार सदनिका घेऊन ठेवणारा मुंबईचा गुंतवणूकदार येथे फार नंतर आला. आपल्यासमोर जो ग्राहक बसणार आहे, त्याच्या हातातली रक्कम बहुधा त्याच्या आयुष्यातली एकमेव मोठी रक्कम असते. प्रेसमधून, एचएएलमधून किंवा शाळेतून तो निवृत्त झालेला असतो. चूक झाली तर पुन्हा कमावण्याइतके वय त्याच्यापाशी नसते.

हा माणूस आपल्याकडे का येतो? आपण चांगले बोलतो म्हणून? मुळीच नाही. तो येतो, कारण आपण अमक्या मास्तरांचा मुलगा, तमक्या डॉक्टरांचा पुतण्या. वडिलांनी चाळीस वर्षे ज्या गल्लीत सचोटीने दिवस काढले, त्या गल्लीने आपल्याला दिलेले हे न मागितलेले कर्ज आहे. बाहेरून आलेल्या दलालाचे कागद लोक चारदा तपासतात, वकिलाला दाखवतात. आपले कागद कोणी तपासत नाही. ‘घरचाच मुलगा आहे’ असे म्हणून सही करून मोकळे होतात. जो धोका बाहेरच्या दलालाच्या बाबतीत ग्राहक स्वतः टाळतो, तो आपल्या बाबतीत टाळायचा असेल तर आपणच टाळावा लागतो. मला वाटते, गावी परतून हा व्यवसाय करणाऱ्याचे सारे वेगळेपण येथे आहे, आणि त्याची सारी कसोटीही येथेच लागते.

एक उदाहरण सांगतो. नावे सांगत नाही, कारण मंडळी याच शहरात आहेत. अकरा वर्षे पुण्याला संगणक कंपनीत नोकरी करून एक अभियंता २०२१ मध्ये परतला. पहिला व्यवहार आला तो आजोळचा. पंचवटीतले जुने घर दोन्ही मामांना विकायचे होते. ग्राहक तयार होता, नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला साधा माणूस. किंमत ठरली, बयाणा ठरला. मिळकत पत्रिकेवर दोन्ही मामांची नावे स्पष्ट होती. एखाद्याने येथेच काम संपले असे मानले असते.

या मुलाने सिटी सर्व्हेच्या कार्यालयात जाऊन मागची नोंद काढली. आजोबा १९९१ मध्ये वारले. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले, मृत्युपत्र केलेले नव्हते. वारस म्हणून अर्जात दोन मुलगेच दाखवले होते. मुली दोन : एक या मुलाची आई, दुसरी सिन्नरला दिलेली मावशी, जी पुढे विधवा झाली. दोघींचा उल्लेखच नव्हता. मुद्दाम लपवले असेल असे नाही. त्या काळी तसेच करीत. ‘मुलींची लग्ने केली, त्यांचे झाले’ असा हिशेब असे. परंतु कायदा त्या हिशेबाने चालत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी समान वारस, ही तरतूद १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातलीच आहे. पुष्कळांना वाटते की, मुलींचा हक्क २००५ साली आला. २००५च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केले. महाराष्ट्राने त्या दिशेने १९९४ मध्येच पाऊल टाकले होते. २००५च्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ‘तशी अट नाही’ असा निर्वाळा देऊन मिटवला. पण या घराला यातले काहीच लागत नव्हते. येथे १९५६चा कायदा पुरेसा होता.

मामा म्हणाले, “नोंद आमच्या नावावर आहे ना? मग मावशीला सांगायचे कारण काय?” आई म्हणाली, “मला माहेरचे काही नको, पण भांडण नको.” मुलगा म्हणाला, “तुझे नको ते हक्कसोडपत्रावर लिहून दे. मावशीला काय हवे ते मावशी सांगेल.” त्याने ग्राहकालाही ही अडचण सांगितली. ग्राहक तीन महिने थांबला आणि जेलरोडला दुसऱ्याच कोणाकडून सदनिका घेऊन मोकळा झाला. मावशीने आपला चौथा हिस्सा मागितला. तिला त्याची गरज होती. मामांनी बोलणे टाकले. चौदा महिन्यांनी ते घर विकले गेले, चौघांच्या सह्यांनी, पण मध्यस्थ दुसरा होता. या मुलाला त्यातून एक रुपया मिळाला नाही. भाऊबीजेला त्याच्या आईकडे मोठे मामा अजून येत नाहीत.

हा तरुण व्यवसायात टिकला, हे मला ठाऊक आहे. त्या प्रकरणामुळे टिकला असे मात्र मला म्हणवत नाही. सचोटीचे फळ नगद मिळते असे सांगणारे पुष्कळ वक्ते आहेत. माझा अनुभव तसा नाही. मला एवढेच दिसते की, ते घर दोन सह्यांवर विकले गेले असते, तर दहा वर्षांनी मावशीच्या मुलांनी दावा लावला असता, आणि त्या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभा राहिला असता तो प्रेसमधला निवृत्त माणूस. पंचाहत्तरीच्या वयात, तारखांना.

यास्तव कागद वाचायला शिका. सातबारा सगळेच पाहतात. संगणकावर घरबसल्या मिळतो. पण सातबारा म्हणजे आजची स्थिती. ती तशी का झाली, हे फेरफार सांगतात. तीस वर्षांचे फेरफार काढून ओळीने वाचावेत. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे? कुळाची नोंद आहे का? १९४८च्या कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीला निर्बंध असतात. भोगवटादार वर्ग एक की दोन? आपल्या भागात देवस्थानच्या इनाम जमिनीही आहेत. त्या पुजाऱ्याच्या वहिवाटीत असल्या तरी त्याच्या मालकीच्या नसतात. असली जमीन ‘सगळे करतात, होऊन जाते’ असे म्हणत विकणारे आपल्याला भेटतील. शेतजमीन घ्यायला निघालेला निवृत्त शिक्षक स्वतः शेतकरी आहे का, हेही त्याला आधीच विचारले पाहिजे. नसेल तर तो परवानगीवाचून ती घेऊ शकत नाही. बयाणा दिल्यावर हे कळण्यात काय अर्थ?

दुसरी गोष्ट नकाशावरच्या भविष्याची. १ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. आम्ही वार्ताहरांनी मथळे दिले आणि दुसऱ्या आठवड्यापासून जाहिरातींत ‘नियोजित मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांवर’ ही ओळ झळकू लागली. त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले. टायरवर धावणारी ती मेट्रो गंगापूर रोडवर काही धावली नाही. नाशिक-पुणे द्रुतगती रेल्वेचेही तसेच. सिन्नर तालुक्यात भूसंपादनाला प्रारंभ झाला, आणि पुढे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे आखलेला मार्गच बदलण्याची वेळ आली. उलट समृद्धी महामार्ग. तोही आरंभी कागदावरच होता, त्यालाही विरोध झाला. पण डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा होऊन सातशे किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. म्हणजे घोषणा खोट्याच ठरतात असे नाही. परंतु कोणती खरी ठरेल, ते आपल्याला माहीत नसते आणि मंत्र्यालाही नसते. ग्राहकाला ‘येथे मेट्रो येणार आहे’ असे सांगणे आणि ‘येथे मेट्रोची घोषणा झालेली आहे’ असे सांगणे, यांत पाच-दहा लाखांचे अंतर पडू शकते. पत्रकारितेत हा फरक आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

गोदावरीविषयी तर नाशिककराने नाशिककराला सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, यावर आपण पूर मोजतो. १९६९चा पूर वडीलधाऱ्यांनी पाहिला, १९ सप्टेंबर २००८चा आपण पाहिला. त्यानंतर पूररेषा आखल्या गेल्या : निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध आहेत. गोदावरीबरोबरच नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठांचाही विचार करावा लागतो. बंगळुरूहून दूरध्वनीवर घर घेणाऱ्याला ‘रिव्हर व्ह्यू’ एवढेच ऐकू येते. २००८ साली त्या इमारतीच्या वाहनतळात पाणी किती होते, ते आपल्याला ठाऊक असते. शेजारच्या किराणा दुकानदाराला तर इंचांत ठाऊक असते. ते सांगायचे की नाही? माझ्या मते सौदा जाणार असला तरी सांगायचे, आणि छायाचित्र असेल तर दाखवायचे. २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तपोवनाकडच्या जमिनींचीही चर्चा वाढली आहे. साधुग्रामसाठी आरक्षण असलेली जागा आरक्षणाचा उल्लेख न करता दाखविणे, ही त्याच जातीची लबाडी आहे.

बांधलेल्या घरांच्या बाबतीतही नाशिकने एक धडा घेतला आहे. २०१५च्या सुमारास ‘कपाट’ हा शब्द या शहरात राजकीय झाला होता. नव्याने आलेल्यांना सांगतो : कपाटासाठी म्हणून चटईक्षेत्राच्या हिशेबातून सूट मिळालेली जागा अनेक इमारतींत सरळ खोलीतच मिसळली गेली. बांधकाम मंजुरीपेक्षा वाढले, आणि पूर्णत्वाचे दाखले अडले. लोक राहायला गेलेले, कर्जाचे हप्ते सुरू, आणि दप्तरी इमारत अपूर्ण. अरुंद रस्ते कागदावर नऊ मीटर रुंद धरून जादा चटईक्षेत्र मिळण्याची वाट काढावी लागली. त्या घरांचे खरेदीदार अडाणी नव्हते. प्राध्यापक होते, बँकेतले अधिकारी होते. त्यांना सदनिका दाखविणाऱ्यांपैकी कितीजणांनी मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष खोली फीत लावून ताडून पाहिली असेल? फीत काही महाग नसते.

आता कायद्याचे आणि पोटापाण्याचे. मालमत्ता नियमन कायदा २०१६चा, १ मे २०१७ पासून तो पूर्ण अमलात आला. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून द्यायचे, तर मध्यस्थालाही महारेराची नोंदणी लागते. २०२३ पासून त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक झाली आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करता येत नाही. दंड दिवसाला दहा हजार रुपये, प्रकल्पातील त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर असते : बांधकाम कुठवर आले, न्यायालयात काय चालू आहे, मुदत कितीदा वाढवली. ती ग्राहकासमोर उघडून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. परीक्षेवरून नाके मुरडणारे मला भेटले आहेत. ज्या धंद्यात परवापर्यंत मोबाईल आणि मोटारसायकल एवढीच पात्रता होती, तेथे निदान आता पुस्तक उघडावे लागते, हे मला चांगलेच वाटते.

मिळकतीचा हिशेब सोपा आहे, म्हणून तो करायला लोक विसरतात. पन्नास लाखांच्या सदनिकेवर एक टक्का म्हणजे पन्नास हजार. वर्षाकाठी असे सहा व्यवहार झाले तर तीन लाख. त्यातून पेट्रोल, दूरध्वनी, कार्यालय. पहिल्या वर्षी सहा होतीलच असे नाही. पगाराची सवय लागलेल्या घराला हे सोसणे कठीण जाते, आणि तंगीच्या महिन्यातच वाईट व्यवहार चांगला दिसू लागतो. परतताना दीड-दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवा. पत्नीची नोकरी असेल तर ती सोडायला लावू नका. ग्राहकाचा बयाणा स्वतःच्या खात्यात क्षणभरही घेऊ नका; तो धनादेशाने थेट मालकाकडे जाऊ द्या.

जमिनीत काम म्हणजे विक्रीच, असेही नाही. राजीव सामंत मुंबईत वाढलेले, अमेरिकेत शिकून ओरॅकलमध्ये नोकरी केलेले. १९९०च्या दशकात ते कुटुंबाच्या नाशिकजवळील जमिनीवर आले, निरनिराळी पिके करून पाहिली आणि १९९७च्या सुमारास तेथे वाइनची द्राक्षे लावली. मद्याविषयी आपले मत काहीही असो, माझेही फारसे अनुकूल नाही, परंतु जमीन तोडून भूखंड करण्याऐवजी तिच्यातून काय निघते याचा विचार एका माणसाने केला आणि गंगापूर धरणाच्या परिसराची ओळखच बदलली, हे नाकारता येत नाही. याच्या अगदी उलट चित्र २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरात दिसले. गोदावरीचा जेथे उगम, तेथे डोंगर फोडण्याची कामे निघाली आणि नाशिककरांना रस्त्यावर उतरावे लागले. फार्म हाऊसचे भूखंड कोणीतरी विकायला घेतो, कोणीतरी दाखवायला नेतो, तेव्हाच हे घडते. त्या साखळीतील दाखवायला नेणारा दुवा आपण असू शकतो.

एका कामाचा उल्लेख करून थांबतो. जुन्या नाशिकमध्ये आणि पंचवटीत दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत, एखादा मजला कोसळल्याची बातमी आम्ही छापतो. वाडा रिकामा का होत नाही? मालक सात चुलतभाऊ : दोन नाशिकला, तिघे पुण्यात, एक इंदूरला, एक न्यू जर्सीत. भाडेकरू आठ, भाडे नाममात्र, आणि भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण. भाडेकरूला भीती की एकदा बाहेर पडलो की परत जागा मिळणार नाही. मालकाला भीती की बांधले तरी हे निघणार नाहीत. कोणाचाच कोणावर विश्वास नाही. बाहेरचा विकासक असल्या भानगडीत पडत नाही. त्याला एक मालक आणि मोकळा भूखंड हवा असतो.

हे काम त्या गल्लीत वाढलेलाच करू शकतो, कारण आठही भाडेकरूंच्या घरी तो कधीकाळी गणपतीच्या आरतीला गेलेला असतो. आधी भाडेकरूंची यादी करावी आणि प्रत्येकाच्या ताब्यातील जागा मोजून तिच्यावर मालकाची आणि भाडेकरूची, दोघांचीही सही घ्यावी. सातही हिस्सेदारांचे, त्यांच्या बहिणींसह, वारसपत्रक तयार करावे. न्यू जर्सीच्या भावाचे कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येण्यास महिने लागतात, तेव्हा ते आरंभीच मागवावे. भाडेकरूला नव्या इमारतीत किती जागा आणि तोवरचे भाडे कोण देणार, हे नोंदणीकृत करारात लिहून घेतल्याशिवाय एकाही म्हातारीला खोली सोडायला सांगू नये. दोन-तीन वर्षे जातात. दलाली बेताची मिळते. या शहरात असे वाडे अजून शेकड्यांनी उभे आहेत, आणि यंदाचा पावसाळाही यायचाच आहे.

आता आपले प्रश्न असतील ते विचारावेत.